सर्व्हरची राखण

नव्या धानाच्या राशीवर हात ठेवून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याले पटत नसन त्यानं बिसनलालच्या वावरातल्या रानडुकराइले विचारावं. परत आले असतीन तर.

बिसनलालची पोरगी दुर्गेश्वरी गोंदियाले कॉम्प्युटर शिकली, अन् टेकचंदसेठच्या राइस मिलसाठी तिनं वेबसाइट बनवली. शेतकऱ्यानं आपल्या धानाचा फोटो टाकावा, मिलनं नंबर द्यावा, मंग त्यानं आपल्या नंबरावर ट्रॅक्टर आणावा. पण मिल सुरू झाली त्याच दिवशी भर दुपारी साइट बंद पडली. कोणाचा नंबर कोणता, कोणालेच कळेना. ट्रॅक्टराइची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत, अन् शिव्या त्याच्याही पुढे.

टेकचंदसेठ सगळ्याइसमोर म्हणाला, "देख बेटी, एक बार और बंद पडी, तो गेट पे मुनीम बिठा दूंगा. वो दुपहर को बंद नहीं पडता."

"जेवाले तर जाते ना, सेठजी," दुर्गेश्वरी बोलली, पण हळूच. पहिलंच काम होतं तिचं, अन् अर्धं गाव म्हणून राहिलं होतं, पोरीच्या हातात मिल दिली कायले.

घरी तिची माय राजकुमारी भात वाढता वाढता म्हणाली, "काऊन बंद पडते वो?"

"तेच तर माहीत नाही पडत, माय. बंद पडल्यावर लोक फोन करून सांगतात."

"म्हणजे डुक्कर वावर खाऊन गेलं का शेजारी सांगते, तसं. मंग राखण ठेव ना."

दुर्गेश्वरीचा घास हातातच राहिला. सर्व्हर होता तिकडं दूर शहरात, एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेला. क्लाउड म्हणतात त्याले. त्याच्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर भेटते, हे तिले माहीत होतं. टाकाचंच राहून गेलं होतं.

आता घराकडं रेंज भेटते ती फक्त वावरातल्या मचाणावर. उजाडल्यावर बिसनलाल राखण करून खाली उतरला, अन् पोरगी लॅपटॉप घेऊन वर चढली. काळ्या पडद्यावर हुकूम देत देत तिनं सर्व्हरवर राखणदार बसवला. मेमरी भरली, डिस्क भरली, काही हद्दीबाहेर गेलं, का माझा फोन वाजव. रिंगटोन म्हणून बापाची डुकरं हाकलाची आरोळीच भरली, अन् आवाज तपासाले फोन वावरातल्या भोंग्याले जोडला.

शेवटचं बटन दाबलं, अन् लगेच आरोळी उठली. उशिरा पिकणारं भारी धान वावरात अजून उभंच होतं. त्यातून डुकरं निघाली, ते नवेगावच्या जंगलात जाऊनच दम घेतला.

"बिघडलं का वो?" खालून बिसनलाल.

"नाही बाबा. बरोबर ओरडून राहिलं."

डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. तिनं उघडून पाहिलं तर सगळे फोटो. मिलनं मागितला होता मूठभर धानाचा. पण आपल्याकडं नव्या राशीचा फोटो पूजेबिगर कोण काढते? रास, नारळ, सुना, जावई, मांजर, सगळे. गावातल्या सुकरामनं तर फोटोसाठी व्याह्याइले बोलावून घेतलं होतं.

"पुसून टाक सबन," बिसनलाल म्हणाला.

"राशीची पूजा पुसतात का, बाबा?"

तिनं एकही फोटो पुसला नाही. येणारा फोटो आपोआप लहान होईन असं केलं, जुनेही लहान केले. डिस्क मोकळी झाली.

धान घ्यायच्या पुढच्या बारीले टेकचंदसेठनं गेटवर मुनीमसाठी खुर्चीच आणून ठेवली होती. दुपार झाली. दुर्गेश्वरीच्या फोनमधून आरोळी उठली, तसं अर्धं गेट दचकलं. ती तिथंच बारदान्यावर बसली, लॅपटॉप उघडला. सुकरामनं आता पूजेचा व्हिडिओ पाठवला होता, अख्ख्या आरतीसकट. तिनं व्हिडिओ घेणंच बंद केलं, डिस्कवर जागा केली, अन् साइट चालूच राहिली. ज्याचा नंबर त्याचा ट्रॅक्टर, एकामागं एक आत.

बिसनलाल रांगेतल्या प्रत्येकाले सांगून राहिला होता, "तो आवाज माझा आहे बरं."

टेकचंदसेठनं मुनीमची खुर्ची उचलली अन् पोरीपुढं ठेवली. "शाबास बेटी. अब तू ही बैठ."

आता एक सांगून टाकते. सेठनं खुर्ची ठेवली, हे खरं. पण शाबास काही म्हणाला नाही तो, तोंड फिरवून चहा मागवला. त्यानं म्हणाले पाहिजे होतं, म्हणून ते मी त्याच्या तोंडात घातलं.

डुकराइचं मात्र खरं आहे.