बचावाची माती

मला माती वाचता येते, याचा माज होता मला. अक्षरं येत नाहीत, सही मागितली तर अंगठा पुढे करते. पण घमेल्यात ओंजळभर चिखल घेऊन चार वेळा पाणी फिरवलं, की तो कुठल्या खड्ड्यातला, किती खोलवरचा आणि उद्या तिथं काय निघेल, हे मी सांगायची. कालुंगुझीच्या डोंगरावर अकरा वर्षं मी हेच केलं. पुरुष खाली उतरून खणायचे, आम्ही बाया ओढ्यात पाय टाकून धुवायचो. लाल माती म्हणजे नुसती माती. पांढरी, अभ्रकानं चमकणारी माती आली, की तिच्या पोटात कोल्टान नावाच्या खनिजाचा काळा दाणा असायचा. तो दाणा पुढे पोत्यात जातो, पोतं ट्रकमध्ये, ट्रक सरहद्दीपलीकडे रवांडात. तिथं त्याचं काय करतात ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मुरुला माझा पाठचा भाऊ. आई गेल्यावर मीच वाढवला. तीस वर्षांचा बाप्या झाला, तरी माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे. त्याला या डोंगरावर मीच बोलावलं होतं. गावात बंदुकवाले आले, शेत गेलं, तेव्हा मी निरोप धाडला, ये, इथं निदान मेहनतीला किंमत आहे. आला तो बुकावू शहराच्या बाजारातून घेतलेला कॉलरचा निळा शर्ट घालून. तोच घालून खाली उतरायचा. बाकीचे उघड्या अंगानं जायचे आणि त्याला 'साहेब' म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, "अरे, दाण्यालाही जरा बरं वाटू दे, कुणीतरी नीट कपड्यात भेटायला आलंय."

त्या सकाळी उतरताना त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "अक्का, आज सांबाझा मासे कर. तिखट टाक, मागच्या वेळी आजाऱ्याला दिल्यासारखे केले होतेस."

"बायको कर आणि तिला सांग," मी म्हटलं.

तासाभरानं खड्डा ढासळला. मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी आत खोकल्यासारखं झालं आणि खड्ड्याच्या तोंडातून धूळ आली. पाचजण खाली होते, चौघं दोर धरून वर आले. मुरुला उजव्या हाताच्या भुयारात एकटाच टेकू लावत होता. भुयाराचं तोंड बुजलं आणि तो आत राहिला.

पण त्याची हवेची नळी शाबूत होती. खाली हवा जावी म्हणून वर भाता चालवतात, त्याची ही नळी. चुबाका नावाचा खणणाऱ्यांचा म्होरक्या, तो नळीला कान लावून ओरडला, "जिवंत आहे! पाय मोकळे आहेत म्हणतो. पाणी येतंय, पण घोट्याएवढं."

मी ओढ्यावरून धावत आले आणि गोट्यांच्या रेषेपाशी थांबले. खड्ड्याच्या तोंडाभोवती गोट्यांची रेषा असते. तिच्या आत बाईनं पाऊल टाकलं की दाणा पळून जातो. दगडाला पाय नाहीत, पण आमच्या पायांची त्याला फार भीती. अकरा वर्षांत मी ती रेषा ओलांडली नव्हती. त्या दिवशीही थांबले. नळीचं तोंड माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस अडकला, की त्याला काढायला उतरतील त्यांना मजुरी नाही. देणार कोण? सरकार आमच्याकडे पोत्यांना टॅग लावायला येतं, बंदुकवाले नाक्यावर आपला हिस्सा घ्यायला येतात, माणूस काढायला कुणीच येत नाही. उलट अपघाताची बातमी खाली गेली, तर महिनाभर डोंगराला टॅग मिळत नाहीत, टॅगशिवाय माल विकला जात नाही आणि सगळ्यांच्या चुली विझतात. म्हणून आपणच काढायचं आणि तोंड बंद ठेवायचं. आणि रीत अशी, की बचावाच्या वेळी जी माती वर येईल ती उतरणाऱ्यांची. मालकही तिच्यावर हक्क सांगत नाही. चांगली रीत आहे, असं मी स्वतः कितीदा म्हटलं होतं. तिच्यामुळे तर माणसं उतरतात.

बिरिंद्वा, म्हणजे खड्ड्याचा मालक, आला, डोक्यावरची टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला. "न्सिमिरे, घाबरू नको. संध्याकाळपर्यंत बाहेर असेल तुझा साहेब. पण कुठं बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हटलं. तेही मीच म्हटलं.

सहाजण उतरले. दुपारी माती वर येऊ लागली. लाल, सगळी लाल. मला बरं वाटलं, कारण उजवं भुयार लाल मातीतून जात होतं. म्हणजे वाट बरोबर होती. पोती ओढ्याकाठी ओतली जात होती आणि आम्ही बाया त्या ढिगाशी बसून होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हातारी चिबालोंझा माझ्या शेजारी होती. तिनं या डोंगरावर दोन मुलगे घालवलेत. तिनं माझ्या मांडीवर घमेलं ठेवलं.

"हात चालू ठेव, पोरी. रिकाम्या हातानं बसलीस तर डोकं फिरेल."

मी ढिगातून ओंजळ उचलली, पाणी घेतलं, फिरवलं. कशासाठी? कशासाठीच नाही. हातांना तेवढंच येत होतं. लाल गढूळ पाणी सांडलं, दुसरं घेतलं, तेही सांडलं. त्या ओंजळीत पांढरा खडा कुठून आला होता, मला दिसलाही नव्हता. तळाला काळा दाणा उरला. ज्वारीएवढा जाड. असा दाणा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"जाड आहे गं!" मी म्हणाले.

एवढंच. भाऊ जमिनीखाली, आणि माझ्या आवाजात आनंद होता. खोटं कशाला सांगू, होता.

चुबाका पाणी प्यायला वर आला होता. तो आमच्या मागेच उभा होता. वाकून त्यानं घमेल्यात पाहिलं, दाणा दोन बोटांत धरला, दातानं दाबला. तसाच खाली गेला. माती ढासळताना डाव्या अंगाला नवी पांढरी शीर उघडी पडली होती, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. मी सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्यानंतर पांढरी माती येऊ लागली.

पहिलं पोतं पाहिलं तेव्हाच मला कळलं. माती वाचता येते ना मला! पण मी स्वतःची समजूत घातली. वाट पांढऱ्यातून वळून जात असेल. टेकू लावायला जागा करत असतील. दुसरं पोतं, पाचवं पोतं, सगळी पांढरी. बाया हळूहळू माझ्यापासून सरकून धुवायला बसल्या. पोतं धुतलं की धुणारीला एक ओंजळ मिळते, मग कोण सोडेल? चिबालोंझाही बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी चुबाका वर आला, तेव्हा मी रेषेबाहेरूनच विचारलं, "मुरुला उजवीकडे आहे. तुम्ही कुठं खणताय?"

"खाली तू आहेस की मी?"

"माती पांढरी येतेय, चुबाका."

"सरळ गेलो तर छत अंगावर येईल. वळसा घालून चाललोय. तुझा भाऊ तो माझा भाऊ, अक्का."

बाकीचे पाचजण खाली मान घालून मक्याच्या पिठाच्या उगालीचे गोळे खात होते. त्यांच्यातल्या एकानंही वर पाहिलं नाही. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण वाटलं, यांना दुखावलं तर हे उतरायचेच बंद होतील. मग माझ्यासाठी कोण उतरणार? तोंड दाबून बसले. नळीतून निरोप आला होता, पाणी गुडघ्यापर्यंत.

सकाळी टॅगवाले साहेब आले. आठवड्यातून एकदा येतात, नेमके त्या दिवशी. धुतलेला माल पोत्यांत भरून तयार होता. त्यांनी प्रत्येक पोत्याचं तोंड आवळलं, वहीत नंबर लिहिला आणि प्लास्टिकचा टॅग खटकन बसवला. तो टॅग म्हणजे या मालात कुणाचं रक्त नाही, याची पावती. खड्ड्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काम जोरात दिसतंय?"

"देवाची कृपा," बिरिंद्वा म्हणाला.

तेवढ्यात भात्यावरचा माणूस दबक्या आवाजात चुबाकाला म्हणाला, "छातीपर्यंत आलंय म्हणतो."

मी ते ऐकलं आणि गोट्यांवरून आत पाऊल टाकलं.

कुणीतरी किंचाळलं. पुरुष होता तो. बिरिंद्वा हात पसरून पुढे आला, पण मला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. रेषेच्या आतल्या बाईला शिवायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी दहा पावलं चालले आणि नळी तोंडाशी धरली.

"मुरुला."

आतून पाण्याचा आवाज आला. मग तो. "कोण? अक्का? तू रेषेच्या आत आलीस?"

"आले."

तो हसला. खरंच हसला. "मेलीस. आता सगळा दाणा रवांडात पळेल."

"पळू दे. कसा आहेस?"

"थंडी फार आहे. अक्का, एक सांगू? कुदळींचा आवाज डावीकडे जातोय. काल दुपारपर्यंत माझ्याकडे येत होता. मग लांब लांब गेला. त्यांना सांग ना, मी इकडे आहे."

काय सांगणार होते मी त्याला? की तुझ्या बहिणीनं हाक मारून त्यांना तिकडे वळवलं? मी म्हटलं, "सांगते. आता येतील. तू उभा राहा."

"सांबाझा उरलेत का?"

"केलेच नाहीत. तू आल्यावर करीन."

"तिखट कर."

नळी खाली ठेवून मी चुबाकाकडे वळले. "शिडी कुठाय? मी खाली उतरते. तुमच्या त्या पांढऱ्या शिरेवर जाऊन बसते. पाय पसरून बसते, आणि तिथंच लघवीही करते. मग बघू किती दाणा उरतो. आत्ताच्या आत्ता उजवीकडे खणता, की उतरू?"

"वेडी झालीस!" बिरिंद्वा ओरडला. टॅगवाले साहेब वही मिटून आपल्या मोटरसायकलकडे चालू लागले होते.

मी शिडीवर एक पाय ठेवला.

चुबाकाचा चेहरा राखेसारखा झाला. "थांब. थांब, बाई. पाय काढ. जातो आम्ही."

आणि मग त्यांनी खणलं. खोटं बोलणार नाही, जीव तोडून खणलं. लाल माती वर येऊ लागली, पोत्यामागून पोतं, आणि तिला कुणी हातही लावत नव्हतं. मी शिडीपाशीच बसून होते. नळीत मी बोलत होते आणि तो उत्तर देत होता. मग नुसतं 'हं' म्हणू लागला. दुपारी उन्हं डोक्यावर आली, तेव्हा मी त्याला गावातल्या आमच्या केळीच्या बागेचं काहीतरी सांगत होते, आणि 'हं' आलं नाही. मी बोलत राहिले. भातेवाल्यानं माझ्या हातातून नळी काढून घेतली.

सुरुवात केल्यापासून सहा तासांत ते त्याच्यापर्यंत पोहोचले. फक्त सहा तास. आदल्या दिवशी दुपारी वळले नसते, तर अंधार पडायच्या आत तो वर आला असता आणि तिखट कमी म्हणून माझ्याशी भांडला असता.

डोंगर म्हणतो, तो माझ्यामुळे मेला. बाई रेषेच्या आत गेली, खड्डा विटाळला, म्हणून तो शेवटच्या घटकेला गेला. नवव्या दिवशी ती पांढरी शीरही संपली, तेव्हा तर कुणाला शंकाच उरली नाही. माझं घमेलं ओढ्यात फेकून दिलं त्यांनी, आणि मला खाली सरोवराकाठी यावं लागलं. इथं मी आता वाळवलेले सांबाझा विकते. माझ्यामुळे मेला हे खरंच आहे, पण ज्यासाठी ते मला शिव्या देतात त्यासाठी नाही. घमेल्यातल्या त्या दाण्याबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. चुबाकाला माहीत आहे, चिबालोंझाला माहीत आहे. ते बोलायचे नाहीत, कारण त्यांनीही त्यातलं खाल्लं.

त्याला वर काढलं त्या संध्याकाळी पुरुषांनी त्याला आंघोळ घातली आणि शर्ट काढून माझ्या हातात दिला. पुरायला दुसरे कपडे नव्हते, म्हणून मी तो ओढ्यावर नेला. घमेल्यात पाणी घेतलं आणि शर्ट बुडवून चोळला. कॉलर चोळली, खिसा उलटा करून चोळला. पाणी लाल झालं. शर्ट पिळून दगडावर टाकला आणि घमेलं उचललं, पाणी ओतून द्यायला.

माझ्या हातांनी ते ओतलं नाही. ते फिरवू लागले. मी पाहत होते आणि हात फिरवत होते, एकदा, दोनदा, गढूळ पाणी कडेनं सोडत, नवं घेत, जसं अकरा वर्षं केलं तसं. चौथ्या पाण्याला तळ स्वच्छ दिसला.

एकही दाणा नव्हता. मुरुला जिथं अडकून उभा होता, तिथल्या मातीत काहीच नव्हतं.