रक्तमुळाचं मलम

ऑलिव्हच्या नाकावरची काळी खपली पाहिली आणि इडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फोड कर्करोगाचा आहे, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून कापायची तारीख दिली होती. तारीख उलटून तीन आठवडे झाले, आणि ही बया जत्रेतून आणलेलं काळं मलम थापून घरात बसली होती. डबीवर पिसांचा टोप घातलेला म्हातारा छापला होता. असला टोप त्यांच्या चेरोकी आदिवासींत कधी कुणी घातला होता?

"रक्तमूळच आहे त्यात, आपलंच," धाकटी बहीण ऑलिव्ह म्हणाली. "तू चाळीस वर्षं त्यात हात बुचकळतेस. तुला काय झालं?"

टोपल्यांच्या वेळूला लाल रंग चढवायला इडा हे मूळ उकळायची. मेपलच्या सावलीत, ओलसर उतारावर ते उगवतं. पांढरं फूल दोन दिवसांत गळतं, पण मूळ धरायला वर्षं जातात; म्हणून तीन रोपं सोडून चौथंच खणायचं, हे आईनं दोघींना शिकवलं होतं. ते पोटात घ्यायचं नाही, जखमेवर लावायचं नाही, हेही तिनंच शिकवलं होतं. ऑलिव्हनं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलं.

"रंगाचं पाणी वेगळं. हा लेप मांस जाळतो."

"फक्त रोग जाळतो. चांगल्या कातडीला काही करत नाही, विकणाऱ्यानं सांगितलंय."

"मग त्याच्याच नाकाला लाव की."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही, ताई."

इडानं डबी ओढून घेतली, बाही सारली आणि मनगटाच्या वर, जिथं साधा तीळसुद्धा नव्हता, तिथं बोटभर मलम थापून फडकं बांधलं.

"इथं रोग नाही ना? बघू काय जळतं ते."

चार दिवस हात ठणकत होता. विकणाऱ्याला, बहिणीला आणि स्वतःच्या तापट डोक्याला शिव्या घालत ती वेळू सोलत राहिली. पाचव्या दिवशी तिनं ऑलिव्हसमोर फडकं सोडलं. खाली तशीच काळी खपली होती, कडेनं पू.

ऑलिव्हचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला.

"मग माझा रोग कुठं गेला, ताई?"

"कुठं जाणार? खाली वाढत असेल. तू वर झाकण घातलंस."

ऑलिव्ह रडायला लागली. इडाला दया आली नाही, अजून नाही. तिनं खुंटीवरचा कोट तिच्या अंगावर फेकला.

"गाडीत बसून रड. आज गेलो तर अर्धं नाक तरी राहील."