डीव्हीडीतला शेवटचा खेळाडू

“माझे गोल नेहमी शेवटीच का?” मिलोराद माझ्या खांद्यावरून कॉम्प्युटरकडे बघत पुटपुटला.

“यजमान शेवटी जेवतो, सर,” मी म्हटलं.

तो सर्बियाचा. फुटबॉलमधला फॉरवर्ड म्हणून सायप्रस, माल्टा, चीन, इराण असा फिरत फिरत इकडे अमिरातीत आलेला. गुडघा गेल्यावर दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका खोलीत खेळाडूंचा एजंट म्हणून बसला, आणि बसला तो नेमका दोन हजार आठच्या मंदीत. तळ्याभोवतीच्या क्रेन थांबल्या, माझ्या नवऱ्याची, गुणवंतची, साइटवरची नोकरी गेली आणि मी घराबाहेर पडले. आमच्या लेकीच्या, ओवीच्या, शाळेतल्या गॅदरिंगचं शूटिंग कापता कापता एडिटिंग शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मिलोरादने मला घेतलं. खेळाडूंचे गोल कापायचे, डीव्हीडी करायची, क्लबांना पाठवायची. ऑफसाइड मला अजूनही कळत नाही.

प्रत्येक डीव्हीडीच्या शेवटी त्याचे स्वतःचे गोल. बाकीच्यांच्या गोलांखाली नाव आणि साल असायचं, त्याच्या काहीच नाही.

“नाव-साल कशाला? बघणाऱ्याला पाय दिसू दे.”

त्या गोलांवर माझा जीव होता. माल्टात नुसती धूळ, इराणमध्ये मागे बर्फाचे डोंगर. आणि गोल झाला की हा हात पसरून, पोरं विमान विमान खेळतात तसा, कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावायचा. ती डीव्हीडी आजही माझ्या कपाटात आहे, लावायला यंत्र नाही. तेव्हा मात्र ती रोज बघायचे, आणि मग तोच माणूस भिंतीला धरत कॉफी आणायला जाताना दिसायचा.

“आता तो खेळाडू नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं,” गुणवंत घरी म्हणायचा.

“मग सांगा ना. तुमचा मित्र आहे.”

“तुझा बॉस आहे.”

“सांगू, इन्शाल्ला.” आमच्या घरात इन्शाल्ला म्हणजे नाही.

दोन हजार दहाचा जानेवारी. खेळाडू घ्यायची मुदत दोन दिवसांत संपणार होती. नेमान्या हा आमचा तरुण फॉरवर्ड, त्याच्या क्लबने खर्चाच्या नावाखाली काढून टाकलेला. आता जागा मिळाली नाही तर व्हिसा संपून परत घरी. फुजैराकडच्या एका क्लबात परदेशी खेळाडूची एकच जागा उरली होती. तिथल्या मॅनेजरचा फोन आला, तेव्हा मिलोरादने स्पीकर लावला. गुणवंत माझा डबा घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

“डीव्हीडी बघितली. नेमान्या ठीक आहे. पण तो शेवटचा! झेंड्याकडे धावणारा! तो पाठव. वय किती?”

मिलोरादचं पोट आत गेलं. “अनुभवी आहे,” तो म्हणाला.

“रिकामा आहे?”

“कधीचा.”

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले. गुणवंत खिडकीतून तळं असं न्याहाळू लागला, जसं काही ते आजच भरलंय.

“यल्ला, चल, मग उद्या सकाळी मैदानावर आण त्याला.”

मिलोराद उठला. गुडघा कटकन वाजला. तो माझ्या टेबलापाशी आला. स्क्रीनवर तरुणपणीचा तो हात पसरून थांबलेला होता, झेंडा दोन पावलांवर. पलीकडून “हॅलो? हॅलो?” चाललेलं.

“तो मी आहे, हबीबी,” मिलोराद म्हणाला. “माझा खेळ संपला. खलास. तू नेमान्याला घे.”