दारूच्या दुकानामागची फुलं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फूलबाबांच्या अंगणातल्या वाळक्या काटक्यांना फुलं आली. पांढरीशुभ्र, कागदाहून पातळ पाकळ्यांची, अगदी बुंध्याशी. आदल्या संध्याकाळी तिथे पानही नव्हतं, असं शपथेवर सांगणारे वीसेक जण कुंपणाशी उभे होते. साडेसहापर्यंत दोनशे झाले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गर्दीच्या मागच्या टोकाला उभ्या होत्या. रडणारी मूर्ती, अंगात येणारी सून, पाण्यावर जळणारा दिवा, आणि आता हे चौथं. पूर्वी त्यांना राग यायचा. आता नुसते पाय दुखत होते.

"नऊ दिवस सांगत होतो, उद्या फुलतील!" बाबा गरजले. "फुलली की नाही?"

नऊ दिवस रोज 'उद्या' म्हटलं की एक उद्या खरा निघतोच, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं, कारण सगळ्यांत पुढे त्यांचा दादा उभा होता.

"धरणीमातेनं थंडी पिऊन टाकल्याची ही खूण आहे," बाबा पुढे म्हणाले. " आता पिकाला धक्का नाही. मात्र रोपं झाकाल, तर तो माझ्यावर संशय! ज्याचं मन स्वच्छ, त्याच्याच हातात हे फूल टिकतं."

बाबांनी लोखंडी चिमट्यानं एक फूल उचललं आणि दादाच्या तळहातावर ठेवलं. दादानं श्वास रोखून धरला. फुलाचं पाणी झालं आणि मनगटावरून ओघळलं.

"आहे. संशय आहे," बाबा हळूच म्हणाले.

दादाच्या शेजारचे लोक हातभर मागे सरकले. दादाचा चेहरा उतरला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी एकही ओळ झाकणार नाही!"

दादाच्या टोमॅटोच्या बावीस ओळी हिरव्या फळांनी लगडल्या होत्या. पिकायला अजून पंधरा दिवस हवे होते आणि कडाका तीन आठवडे आधीच आला होता. ओढ्याकाठच्या शेतांत त्याच पहाटे पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. त्या शेतकऱ्यांचा विश्वास कमी पडला, असा बाबांचा निकाल होता. हवामान खात्यानं येत्या रात्रीसाठी शून्याखाली तीन अंश सांगितले होते.

बाई शाळेकडे निघाल्या, तोच दारूच्या दुकानदारानं शटर अर्धं वर करून हाक मारली. "ओ बाई! जरा दुकानामागे या. लोक काय म्हणतील ते म्हणोत."

मागे गटाराच्या कडेला, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला तशीच तीन फुलं होती.

"बारा वर्षं शिव्या खातोय," दुकानदार म्हणाला, "आणि देव एकदम माझ्यावरच प्रसन्न?"

रस्ता झाडणारी मावशी झाडू टेकवून उभी राहिली. "हे तण गावभर होतं, बाई. परवा बाबांच्या सेवेकऱ्यांनी सफाई मोहीम काढली ना? कचऱ्याला हात नाही लावला मेल्यांनी. हे तण तेवढं बुडापासून कापून नेलं, बाबांच्या अंगणातलं सोडून."

"मग इथलं कसं राहिलं?"

"इथे दिवसाढवळ्या कोण सेवेकरी येणार?" दुकानदार म्हणाला. "ते अंधार पडल्यावर येतात."

बाईंनी मावशीचं फावडं घेतलं. ऊन यायच्या आत तिन्ही बुंधे मातीसकट खोक्यात घालून त्या अंगणात परतल्या. मागोमाग दुकानदार आणि मावशीही आले.

"ही फुलं नाहीत, बर्फ आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढवायचं त्राण नव्हतं, त्यामुळेच की काय लोक गप्प झाले. "जमीन अजून उबदार आहे, मुळं पाणी वर चढवताहेत. बाहेर कडाका पडला की खोडातलं पाणी गोठून फुगतं, साल फाटते आणि फटीतून येणारं पाणी बाहेर पडता पडता पाकळीसारखं गोठतं. ही थंडी गेल्याची खूण नाही. ती बुंध्यापर्यंत पोचल्याची आहे."

मग मावशीनं सफाईची हकीकत सांगितली. बाईंनी एक फूल स्वतःच्या हातावर घेतलं. पाणी. दुसरं दुकानदाराच्या हातावर ठेवलं. पाणी.

"माझं ठीक आहे," दुकानदार म्हणाला, "मी जाहीर पापी."

"बाबा, आता तुम्ही."

बाबांनी चिमटा पुढे केला.

"चिमटा रात्रभर बाहेर होता, गारच असणार. हात पुढे करा."

"मी परीक्षा देत नसतो," म्हणत बाबा आत गेले आणि दार लागलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. निम्मे लोक शेतांकडे धावले, निम्मे बंद दाराला हात जोडून थांबले. दादा त्याआधीच निघून गेला होता.

दुपारी चारला बाई शेतावर पोचल्या. वहिनी एकटीच रोपांवर कापड ओढत होती. दादा बांधावर बसला होता.

"आज वाचलोच ना?" तो म्हणाला.

"तुझं शेत उतारावर आहे, दादा. गार हवा जड असते, ती खाली ओढ्याकडे गेली. आज रात्री थंडी जास्त आहे, ती वरपर्यंत साचेल. जमिनीतली ऊब आत्ता झाकली तरच रात्री रोपांना पुरेल. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चार ओळी झाक, चार उघड्या ठेव आणि सकाळी बघ."

"सगळ्यांसमोर माझ्याच हातात वितळलं, छोटे."

"माझ्याही हातात वितळलं. बाबांनी तर हातच पुढे केला नाही. तू निदान केलास."

दादा आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"वन्सं, त्यांना राहू द्या," वहिनी म्हणाली. "ते टोक धरा."

कापडाला दोन्ही टोकांना माणूस लागतो. दोघी ओळीमागून ओळ झाकत, कडांवर माती ओढत गेल्या. पावणेसहाला ऊन गेलं तेव्हा नऊ ओळी झाल्या होत्या. वारा पडला होता, आभाळात एक ढग नव्हता. दादा बांधावरून उतरून दहाव्या ओळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. कापडाची घडी त्याच्या पायाशी तशीच होती. जमिनीलगत ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा पाचावर होता, आणि उतरत होता.