सुटा दोरा

मास्तरांनी व्याह्यांचा कोट भर लग्नात दुरुस्त करायला घेतला आणि तिथून सगळं बिनसलं.

तसं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. उभा जन्म दुसऱ्यांचे खांदे आणि कंबरा बघण्यात गेलेला. लेकीच्या लग्नात फोटोसाठी सगळे ओळीने उभे राहिले, शेजारी जावयाचे वडील आले, आणि त्यांच्या कोऱ्या करकरीत कोटाचा उजवा खांदा चांगला बोटभर लोंबत होता. आता मुलीच्या बापाने अशा वेळी मूग गिळून गप्प बसावं की नाही? मास्तरांनी तो खांदा चिमटीत धरून वर उचलला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणी शिवला हो हा? दुकानात आणून टाका, उसवून नीट करून देतो."

कोट शिवला होता विहीणबाईंच्या सख्ख्या भावाने. तो मागच्याच रांगेत उभा होता.

तेव्हापासून व्याही मास्तरांशी अजिबातच बोलत नव्हते असं नाही. पण "बरं आहे ना?" याच्या पुढे त्यांची गाडी जात नव्हती. वास्तविक गाडी पुढे कशी न्यायची हे शिकवण्याचाच त्यांचा धंदा. ड्रायव्हिंग स्कूल होतं त्यांचं, आणि अर्धं गाव त्यांच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकलं होतं. पण रुसायच्या बाबतीत हा माणूस हँडब्रेक ओढून बसला तो बसलाच.

वर्ष असंच गेलं. मग लेकीला दिवस गेले आणि तिने ठरवलं, की आता पुरे. तिने नवऱ्याला कामाला लावलं, दोन्ही घरांना उचलून समुद्रकाठी सुट्टीला आणलं आणि एका दिवसासाठी खोल समुद्रात मासेमारीला नेणारी अख्खी होडी ठरवून टाकली, फक्त दोघा व्याह्यांसाठी. व्याह्यांना गळ टाकून बसायचं वेड होतं. दर रविवारी ते तळ्याकाठी टोपी घालून बसत आणि संध्याकाळी करंगळीएवढे मासे घेऊन घरी येत. समुद्रातला एक खराखुरा मोठा मासा आपल्या हाताने ओढून काढायचा, ही त्यांची कित्येक वर्षांची आस होती. मास्तरांना मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीचा हुकूम होता.

निघायच्या आधी ती वडिलांच्या खोलीत आली. "बाबा, एकच दिवस. हात खिशात आणि तोंड बंद. त्यांनी उलटी टोपी घातली तरी बोलायचं नाही. मला बाळाला घेऊन दोन घरांत दोन वेगवेगळ्या आजोबांची तोंडं बघत नाही फिरायचं. दोघं एका खोलीत बसलेले पाहिजेत मला, एकमेकांशी बोलत. एवढं करा माझ्यासाठी."

"अगं, म्हणजे काय, करणारच," मास्तर म्हणाले.

"आणि ती कात्री ठेवून जा," मास्तरांची बायको आरशासमोरून म्हणाली.

मास्तरांच्या शर्टाच्या खिशात दोरे कापायची छोटी कात्री कायम असायची. ती त्यांनी मुकाट्याने काढून टेबलावर ठेवली. बायको आंघोळीला गेल्यावर परत खिशात टाकली. एवढ्या मोठ्या समुद्रात रिकाम्या खिशाने जायचं म्हणजे त्यांना उघड्यानेच जाण्यासारखं वाटत होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मास्तर तर चांगले ठणठणीत होते.

होडीवर कप्तान आणि त्याची बायको अशी दोघंच होती. कप्तान नुसता नावाचा, होडी बायकोच्या बापाची होती आणि सुकाणूही तिच्याच हातात असायचं. कप्तान गळ, दोर आणि आलेली माणसं सांभाळायचा. व्याही बारा खिशांचं जाकीट घालून आले आणि तडक तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"आधी आरसा नीट करून घ्या," ते म्हणाले.

"आरसा नाहीये, काका."

"मग मागचं कसं दिसतं तुम्हाला?"

"मागे कोण येणार आहे?"

व्याह्यांनी तिचा नाद सोडला. पण धक्क्यापासून होडी निघाल्यापासून त्यांचा उजवा पाय फळीवर सारखा ब्रेक दाबत होता. एखादी लाट आली की दणकन. मास्तरांना ते दिसत होतं. हसू येत होतं, जीभ वळवळत होती. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि तोंडात बिस्कीट कोंबलं.

किनारा दिसेनासा झाला. कप्तानाने मागच्या बाजूला दोर गुंडाळायचं चाक असलेल्या काठ्यांचे चार गळ लावले, त्यांचे दोर पाण्यात दूरवर सोडले आणि व्याह्यांना फळीला पक्क्या बसवलेल्या खुर्चीवर बसवलं. मग सुरू झालं वाट बघणं. समुद्र म्हणजे कुणीतरी इस्त्री करायला विसरलेलं लांबच लांब कापड, असं मास्तरांना वाटलं. ते व्याह्यांना सांगावंसं वाटलं, पण कापडाचा विषय काढायचीच सोय नव्हती. ऊन चढलं. चहा झाला.

"बरं आहे ना?" व्याह्यांनी विचारलं.

"बरं आहे," मास्तर म्हणाले.

आणि संपलं. दिवस असाच गेला तर संध्याकाळी लेकीला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात एक गळ कमानीसारखा वाकला आणि त्याचं चाक किंचाळायला लागलं. कप्तान धावला. त्याने गळ व्याह्यांच्या हातात दिला, कमरेला पट्टा आवळला आणि ओरडला, "ओढतोय तोवर ओढू द्या! दमला की गुंडाळा! घाई नको!"

"मला नका शिकवू. क्लचवर धरायचं, एवढंच ना?" व्याही ओरडले.

बाकीचे तीन दोर कप्तानाने भराभरा ओढून घेतले आणि त्यांचा हा ढीग फळीवर पडला. "काका, तेवढा गुंता गोळा करता का? कुणाच्यातरी पायात येईल."

मास्तरांनी हात खिशातून बाहेर काढले. आता हा तर कप्तानाचा हुकूम, त्याला लेकही नाही म्हणणार नव्हती. ते फतकल मारून बसले आणि गुंत्यातून एकेक दोर सोडवून बोटांवर आठाच्या आकड्यात गुंडाळायला लागले. टोकं झिजली होती, ती कात्रीने साफ केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

आणि मग मासा पाण्याबाहेर उडाला. निळाशार, माणसाएवढा लांब, नाकाला तलवार लावलेला. हवेत एक वळसा घेऊन तो धपकन पाण्यात पडला.

"बघितलात का मास्तर? बघितलात का?" व्याही ओरडले.

वर्षभरातलं "बरं आहे ना"च्या पलीकडचं ते पहिलं वाक्य. मास्तरांचे डोळेच भरून आले. ते उठून खुर्चीपाशी आले. मग काय विचारता! मास्तर व्याह्यांच्या डोक्यावर पाणी ओततायत, तोंड पुसतायत, "ओढा, ओढा व्याही, दमलाय तो!" म्हणून ओरडतायत. व्याही धापा टाकत "जाऊ द्यायचा नाही मास्तर, आज जाऊ द्यायचा नाही" म्हणतायत. बघणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले. दोर आत येत होता, पुन्हा बाहेर जात होता. व्याह्यांच्या हातांची सालटी निघाली, पण त्यांनी कप्तानाला गळाला हात लावू दिला नाही. शेवटी मासा इतका जवळ आला की पाण्याखाली त्याची निळी पाठ दिसायला लागली. कप्तान लांब दांड्याचा आकडा घेऊन वाकला. त्याच्या बायकोने होडी अलगद वळवली.

इतक्यात मासा एकाएकी होडीकडेच वळला. ओढ गेली, दोर सैल पडला, आणि वाऱ्याने त्याचा एक वेढा उडून व्याह्यांच्या बाहीवर येऊन पडला.

"गुंडाळा! भराभर गुंडाळा!" कप्तान ओरडला.

व्याही मान खाली घालून चाक फिरवायला लागले. मास्तरांना फक्त बाही दिसली. बाहीवर लोंबणारा एक सुटा दोरा दिसला. आजवर त्यांच्या दुकानातून कुणी गिऱ्हाईक अंगावर दोरा घेऊन बाहेर पडलं नव्हतं. डोक्याला काही विचारायच्या आधीच त्यांचा हात पुढे गेला.

कट्.

त्यांनी कापलेला दोर चिमटीत धरून बाजूला टाकला, व्याह्यांची बाही दोन बोटांनी झटकली आणि म्हणाले, "झालं. बघा आता आरशात."

व्याही अजून चाक फिरवतच होते. ते आता छान हलकं फिरत होतं. मग कापलेलं टोक आत आलं, स्वच्छ, सरळ कापलेलं, आणि ते त्या टोकाकडे बघत राहिले. लांब पाण्यात मासा एकदा उडाला. निरोप घ्यायला उडाला की हसायला, देव जाणे.

कप्तानाने आकडा खाली ठेवला. "शार्कने दोर तोडलेला बघितलाय मी. खडकाने बघितलाय. होडीच्या पंख्यात अडकून तुटलेला बघितलाय," तो बायकोला म्हणाला. "पण होडीतल्याच माणसाने…"

"गप्प बस," ती म्हणाली आणि तिने होडी परत फिरवली.

मास्तरांना वाटलं, समुद्राने इथेच पोटात घ्यावं. ते व्याह्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. "व्याही, हात तोडून देऊ का? मुद्दाम नाही हो केलं. मला सुटा दोरा दिसला की बाकी काही दिसतच नाही. लग्नातही तेच झालं. तुम्हाला कमी लेखायचं नव्हतं मला. जन्मभर भिंतीवर राहणारा फोटो तो, त्यात आपले व्याही नीट दिसावेत, एवढंच होतं मनात."

व्याही किनारा येईपर्यंत समुद्राकडे तोंड करून बसले. ब्रेकसुद्धा दाबला नाही. ती मास्तरांना जास्तच वाईट खूण वाटली.

धक्क्यावर सगळे कॅमेरे घेऊन उभे होते. व्याही कुणाकडे न बघता तडक खोलीत गेले. लेकीने वडिलांचा चेहरा बघितला आणि तिचा उतरला.

"बाबा, काय बोललात?"

"बोललो नाही गं. कापला."

"काय कापलंत?"

मास्तरांनी सांगितलं. जावयाने हसू आवरायला पाठ फिरवली. लेक मात्र हसली नाही. ती धक्क्यावरच्या बाकावर बसली आणि पोटावर हात ठेवून मुसमुसायला लागली. मास्तरांच्या बायकोने हात पुढे केला, आणि त्यांनी कात्री तिच्या हातावर ठेवली.

रात्री हॉटेलच्या जेवणघरात सगळे एका लांब टेबलाशी बसले. मास्तर एका टोकाला, व्याही दुसऱ्या. मधे विहीणबाई हवापाण्याबद्दल बोलत होत्या, आणि हवापाणी तरी किती पुरणार? शेजारच्या टेबलावर एक जाडजूड पाहुणा मोबाइल नाचवत बसला होता. त्याने कालच एक मासा धरला होता आणि त्याचा फोटो वाढप्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवून झाला होता. आता त्याने तो व्याह्यांच्या नाकाखाली धरला.

"तुम्ही पण गेला होतात ना आज? काय लागलं?"

व्याह्यांनी फोटो बघितला. "हा? ह्याला तर मी आमिष म्हणून लावला असता," ते म्हणाले.

गळ टाकणाऱ्याला एवढं पुरतं. व्याही सुरू झाले. मासा कसा लागला, कसा उडाला, कशी हातांची सालटी निघाली. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले, चमच्याचा गळ केला. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. मास्तर मान खाली घालून ताटाकडे बघत होते. शेवट काय येणार हे त्यांना माहीत होतं. "आणि दोर इथे, ह्या बाहीवर आला," व्याही म्हणाले, "आणि आमच्या मास्तरांनी कात्री काढली आणि कट्! वर मला सांगतायत, बघा आता आरशात!"

सगळं जेवणघर हसलं. पाहुण्याच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. टेबलावर थाप मारून तो म्हणाला, "असल्या येडपटाला नेलंत कशाला बरोबर? मी असतो तर तिथेच समुद्रात फेकला असता!"

व्याह्यांनी चमचा खाली ठेवला.

"येडपट कुणाला म्हणता?"

"नाही, म्हणजे तुम्हीच आता…"

"मी म्हणेन. माझा मासा गेलाय. तुमचं काय गेलं?" व्याह्यांचा आवाज ड्रायव्हिंग स्कूलमधला झाला होता, वाढपी जागच्या जागी थांबले. "अहो, एवढा थोरला मासा डोळ्यांसमोर उडत होता. सगळी होडी त्याच्याकडे बघत होती आणि ह्या माणसाला माझी बाही दिसत होती. आहे का तुमच्याकडे असा कुणी? व्याही आहेत ते माझे."

पाहुण्याने मोबाइल खिशात घातला. लेकीने तोंडाला रुमाल लावला. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. व्याही खाली बसले आणि शेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलाला म्हणाले, "ऊठ रे तू. मास्तर, इकडे या. पुढचं तुम्ही सांगा, मला दम लागलाय."

मास्तर उठून जावयाच्या खुर्चीत जाऊन बसले. सगळी टेबलं त्यांच्याकडे बघत होती. उभ्या जन्मात त्यांनी कुणाच्या मापात बोटाची चूक केली नव्हती. त्यांनी घसा खाकरला, दोन्ही हात जमतील तेवढे फाकवले आणि सांगितलं, की मासा होडीपेक्षा चांगला हातभर लांब होता.