उघडी डिक्की

गुलाबराव विहिरीत वाकून बघत होते. तळाच्या पाण्यात फक्त त्यांचंच डोकं हललं. मळ्यातलं पोर दिसेनासं झालं की माणूस आधी विहिरीकडे पळतो. बाकीचं नंतर सुचतं.

नात रुचिका सुटीत आली होती. आज वाशीमच्या बाजारासाठी गाडीच्या डिक्कीत कोथिंबीर भरायची, तर पोरगी सारखी पायात पायात येत होती. तेव्हा गुलाबराव तिला म्हणाले, जा लप, मी शोधतो. आणि कामाच्या नादात शोधायचं साफ विसरले. जुड्या रचल्या, वर ओलं पोतं टाकलं, डिक्की उघडी ठेवून पाणी प्यायला गेले, परत येऊन दणकन डिक्की लावली. मग खिशाला हात लावतात तर किल्ली नाही. वाकताना भाजीतच पडली असणार. किल्लीसाठी ते स्वतःवर चरफडत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, विचारलं की पोरगी कुठं आहे.

दोघांनी मळा पालथा घातला. ‘हरलो बाप्पा, ये बाहेर,’ म्हणून गुलाबरावांनी हाका मारल्या. पण हे त्यांचं नेहमीचं सोंग. हरलो म्हणायचं आणि पोरीनं डोकं काढलं की पकडायचं. दोनदा फसलेली रुचिका आता कशाला ओ देते?

विहिरीवरून वळले, तर तुळसाबाई गाडीपाशी पांढऱ्याफटक पडून उभ्या.

“अवो, डिक्कीतून आवाज येऊन राह्यला.”

आतून थापा पडत होत्या. आबा, उघडा ना, असं बारीक ऐकू येत होतं. मे महिन्याचं ऊन, पत्र्याला हात लागत नव्हता. डिक्की उघडायचा खटका ड्रायव्हरच्या सीटखाली होता, पण त्याची तार गाडी घेतली तेव्हापासून तुटलेली. किल्ली असल्यावर तार कायले पाहिजे, असं तेच म्हणाले होते. कुलपात खुरपं घातलं, त्याचं टोक वाकलं. राहिली मागच्या सीटकडची वाट. ती सीट तर त्यांनीच काढून टाकली होती आणि भाजीचं पाणी पुढं येऊ नये म्हणून तिथं जाड प्लायवूड ठोकलं होतं, बोटभर खिळ्यांनी. भूकंप झाला तरी हलणार नाही, असं गावभर सांगत फिरले होते.

थापा थांबल्या.

“तिच्याशी बोलत राय,” एवढंच ते तुळसाबाईंना म्हणाले. त्या डिक्कीला तोंड लावून, रुचे, बोल व माय, म्हणत रडू लागल्या. गाडीच्या आत लोखंडी सब्बल उगारायला जागा नव्हती. गुलाबराव गाडीत उताणे पडले आणि दोन्ही टाचांनी प्लायवूडवर लाथा घालू लागले. मले ने, पण तिले सोड, असं देवाला सांगत होते. टाचा फुटल्या, रक्त आलं, तरी फळी हलेना. शेवटी एक कोपरा तडकला.

त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. ओलं पोतं लागलं, पाला लागला, मग एक इवलंसं पाऊल. ते हलत नव्हतं. रोज झोपवताना करत तशा त्यांनी तळव्याला गुदगुल्या केल्या. अंगठा आखडला.

फळी उपटून पोरीला बाहेर ओढलं, तर घामानं निथळत होती, केसांत कोथिंबीर. ओल्या पोत्यानंच तगवलं, असं तुळसाबाई पुढं कितीदा म्हणाल्या. रुचिका घोट घोट पाणी प्यायली. मग आजोबांकडे न बघता म्हणाली, “तुमी मले शोधालेच नाई आले.”



त्याच संध्याकाळी गुलाबरावांनी डिक्कीचं कुलूप उपटून फेकलं. आता झाकण तुळसाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठानं अर्धवट बांधलेलं असतं. रस्त्यानं मोटारसायकलवाले ओरडून सांगतात, डिक्की उघडी हाय. माहीत हाय, म्हणून ते पुढं जातात.

रुचिका कधीच अकोल्याला आईकडे गेली. तरी गाडी सुरू करण्याआधी गुलाबराव पोतं उचलतात आणि जुड्यांखाली तळापर्यंत हात घालून चाचपतात. बघणाऱ्यांना वाटतं, भाजी सुकली का ते बघत असतील.