काचेवरचा अंगठा

"परत लावा," वॉचमन म्हणाला.

मावशीने अंगठा युनिफॉर्मला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि पुन्हा मशीनवर ठेवला. लाल दिवा. मग तर्जनी लावून पाहिली, मधलं बोट लावलं, शेवटी डाव्या हाताचा अंगठा. मशीन ढिम्म. अखेर नेहमीसारखा वॉचमनच गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठला आणि आपलं बोट लावून त्याने दार उघडून दिलं.

"तुमच्यापेक्षा चोर बरे, मावशी. त्यांचे ठसे तरी मिळतात."

"चोर लाद्या पुसत नाहीत, दादा," मावशी म्हणाली आणि बादली उचलून आत निघाली.

ही थट्टा रोजचीच होती. पण आज त्याने मागून हाक मारली. "मावशी, हे आता फार दिवस चालायचं नाही. वरून हुकूम आलाय. वर्ष संपलं की मी कुणाला दार उघडून द्यायचं नाही. ज्याचं बोट चालेल तोच आत."

"आणि ज्याचं चालणार नाही तो?"

वॉचमनने टोपी काढून उगाच तिच्या आत पाहिलं.

त्या ऑफिसांच्या इमारतीत तिला सगळे आरसा मावशी म्हणत. तिने पुसलेल्या लादीत वाकून भांग पाडता यायचा, इतकी ती लखलखायची. तिची युक्ती म्हणाल तर एकच, ॲसिड. बाकीच्या बायका बेताने ओतायच्या, मावशीचा हात सढळ. शिवाय हातमोज्यांशी तिचं उभं वैर. "मळ गेला की नाही ते हाताला कळतं, रबराला काय कळणार?" असं ती ठणकावून सांगायची. त्या हट्टापायी तिची बोटं वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. रेष म्हणून शिल्लक नव्हती.

आणि नेमकं त्याच सुमारास सफाईचं कंत्राट चालवणाऱ्या मालकीणबाईंच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. खूळ हा शब्द मावशीचा. मालकीणबाई तिशीतल्या, आईच्या मागे धंदा सांभाळणाऱ्या. त्यांनी सगळ्या बायकांना बोलावलं आणि टेबलावर एक छोटीशी बाटली ठेवली.

"ॲसिड बंद, ब्लीच बंद, फिनाईलपण बंद. आपण ओततो ते सगळं मागच्या ओढ्यात जातं. पूर्वी तिथं मासे होते, आईनं दाखवले होते मला. आता बेडूकही नाही."

मावशीने बाटली नाकाशी धरली आणि नाक मुरडलं. "याला तर वासच नाही. साफ केलंय हे लोकांना कळणार कसं?"

"पाहून कळेल की, मावशी."

"ओढ्याकडे बघायला तुम्ही आहात. मला माझी लादी बघायचीय."

बोलून ती मोकळी झाली. ॲसिडची एक बाटली मात्र तिने खराट्यांच्या मागे दडवली आणि या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही.

बोटांची गोष्ट मुलीच्या कानावर गेली, तेव्हा ती आईला ओढतच कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंगातून बोटं न्याहाळली. रेषा मुळापासून गेलेल्या नाहीत, म्हणाले. वरची कातडी रोज जळते, म्हणून उमटत नाहीत. हातांना आराम दिला तर येतीलही. कधी, ते सांगता येत नाही. पण ते जहाल पाणी एक दिवससुद्धा नको.

घरी येताना मावशी कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "म्हणजे एक तर लादी, नाहीतर बोट."

"आई, लादी त्यांची आहे," मुलगी म्हणाली. "बोट तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने खराट्यांमागची बाटली काढली आणि मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. "घ्या. लपवली होती."

"माहीत होतं मला," मालकीणबाई म्हणाल्या. "तिला वास आहे ना."

दोघी हसल्या. पण इथून पुढेच खरी कसोटी होती. नव्या औषधाला फेस येत नव्हता, आणि फेस नाही म्हणजे काम नाही, ही तर मावशीच्या हाडीमांसी भिनलेली समजूत. म्हणून ती ओतत गेली, आणखी ओतत गेली. दुपारपर्यंत तळमजल्याची सबंध लादी गुळासारखी चिकट झाली. जो येईल त्याच्या बुटांचे ठसे उमटायला लागले. इमारतीचे मॅनेजर तणतणत खाली आले.

"ही आरसा मावशींची लादी? बूट चिकटतायत आमचे. तुमची ती नवी थेरं बंद करा बाई, आणि जुनंच आणा."

मालकीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी मावशीकडे पाहिलं. हो म्हणायचा अवकाश, ॲसिड परत आलं असतं आणि मावशीचं नावही. मावशी पुढे झाली.

"औषधात खोट नाही, साहेब. माझ्या हातात आहे. जास्त ओतलं मी."

एवढं बोलून ती जायच्या-यायच्या वाटेवर, सगळ्यांच्या पायांत गुडघे टेकून बसली आणि नुसत्या पाण्याने अख्खी लादी पुसून काढली. तिच्या हाताखाली तयार झालेल्या बायका बघत उभ्या होत्या. ज्याचं चार लोकांत नाव आहे, त्याला उतारवयात शिकाऊ व्हायला सांगून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मला तर त्या दिवशीची मावशी तिच्या सगळ्या लखलखाटापेक्षा मोठी वाटते.

मग ती शिकली. बादलीला एक झाकणभर औषध, बास. निळं फडकं काचेला, लाल संडासाला, आणि हातात मोजे. मोज्यांना तिने पहिले काही दिवस शिव्या घातल्या, पुढे त्या घालायचं विसरली. लादी स्वच्छ राहायला लागली. आरसा मात्र परत आला नाही. भांग पाडता येईल अशी ती चमक गेली ती गेलीच, आणि त्याचं मावशीला वाईट वाटायचं. लोक तिला आरसा मावशी म्हणतच राहिले, तेव्हा ती खाली लादीकडे बघायची.

वर्ष संपत आलं. रोज सकाळी अंगठा, रोज लाल दिवा.

"आज?" वॉचमन विचारायचा.

"नाही हो."

तो उठायचा, दार उघडायचा. थट्टा दोघांनीही सोडून दिली होती. शेवटच्या आठवड्यात मावशीने आपला डबा ठेवायचा कप्पा रिकामा करून, पुसून ठेवला.

आणि एका सकाळी हिरवा दिवा लागला.

वॉचमन सवयीने खुर्चीतून अर्धा उठला होता. तो तसाच वाकलेला राहिला. दार आपसूक उघडलं होतं.

"बसा, दादा," मावशी म्हणाली.

"बसतो," तो म्हणाला. "पण आता सकाळी उठायला कारण काय राहिलं मला?"

मावशी आत आली. तिने निळं फडकं घेतलं आणि मोठ्या दाराची काच पुसायला घेतली. अख्खा जन्म तिचा दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे पुसण्यात गेला होता. त्यातला एकही तिचा नव्हता. काच पुसून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, उजव्या हातातला मोजा काढला आणि खालच्या कोपऱ्यात, गुडघे टेकणाऱ्यालाच दिसेल अशा जागी अंगठा दाबला. उजेडात रेषा दिसल्या. बारीक, मध्येच तुटलेल्या, पण होत्या.

फडकं हातातच होतं. मोजा चढवून, तो एक डाग तसाच मागे ठेवून, ती पुढच्या काचेकडे गेली.